कडुबाचं पित्तर

बजाजनगर,
१६ जानेवारी २०२५

तात्याकाका,

वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना आधी नमस्कार घालतात हे मला ठाऊक आहे. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलंय. पण तुम्हाला नमस्कार घालायला हात वळेना, म्हणून तो गाळला. मार्क कापायचे तर कापा.

माझा फोन तुम्ही घेत नाही, म्हणून हे रजिस्टर पोस्टानं पाठवते. पोस्टमनसमोर सही तरी करावी लागेल.

आधी जुनं काढते. दोन हजार तेराची सर्वपित्री अमावस्या. तुम्ही वैजापूरहून पिशोरला आला होतात, घरात सगळी भावकी जमली होती. माझे वडील सोमनाथ, म्हणजे तुमचे सख्खे चुलतभाऊ, तुम्हाला एवढंच म्हणाले, की यंदा माझ्या बापाच्या नावाचं पान मला वाढू द्या. त्यांचा बाप कडुबा, तुमचा चुलता. दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेला तो परत आला नाही. मेल्याचा कागद नाही, तिथी नाही. आमची आजी भामाबाई शेवटपर्यंत कपाळाला कुंकू लावून राहिली, म्हणून तिच्या हयातीत माझ्या वडिलांनी, दादांनी, बापाचं पित्तर घातलं नाही. तुमच्या घरात मात्र ‘निपुत्रिक चुलता’ म्हणून दर सर्वपित्रीला कडुबाचं पान वाढलं जायचं. निपुत्रिक! आणि मुलगा दारात उभा.

त्यावर तुम्ही जे बोललात ते मला पाठ आहे. ‘‘सोमनाथा, तुझा बाप कोण ते तुझ्या मायनं भर मांडवात सांगितलंय. उखाण्यात. कडुबाला पोटी कुणी नाय. त्याचं पित्तर आमच्याच चुलीवर पडंल. तू मोतीरामाचं घाल.’’

दादा चपला हातात घेऊनच बाहेर पडले, पायात घालायचं भान राहिलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘मोतीराम’ हा शब्द कुणी उच्चारला नाही.

आजीचा उखाणा सगळ्या भावकीला पाठ होता:

घाटाखाली माहेर माझं, घाटावर सासर,
मोतीरामांचं नाव घेते, पडू देईना विसर.

आता नवं ऐका. परवाच्या रविवारी इथं बजाजनगरात माझा जुना विद्यार्थी राजकुमार याच्या मुलीचं बारसं झालं. राजकुमार वाळूजच्या एका कंपनीत आहे. त्याची पणजी लक्ष्मीबाई गावाकडून आली होती. नव्वदी ओलांडली आहे, पण कान माझ्यापेक्षा तिखट. आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ‘अपेक्षा’ म्हटलं आणि पोरींनी तिच्या पाठीत धपाटे घातले. लक्ष्मीबाई खुदकन हसली. म्हणाली, ‘‘माझ्या मायनं आसंच नाव ठिवलं व्हतं भावाच्या पोराचं. पर त्ये बाहेर सांगायचं नव्हतं. तीन लेकरं गेली व्हती ना त्या घरात. म्हून बाहेर कडुबा म्हनायचं, आन् खरं नाव फकस्त कानात.’’

माझ्या हातातला घुगऱ्यांचा द्रोण तिरका झाला. मी विचारलं, ‘‘आजी, कुठल्या गावचा कडुबा?’’

‘‘पिशोरचा. मिल्ट्रीत गेला त्यो.’’

‘‘आणि कानातलं नाव?’’

‘‘मोतीराम की.’’

तात्याकाका, लक्ष्मीबाईची आई कडुबाची सख्खी आत्या. मरण नाव धरून शोधत येतं, म्हणून त्यांनी खरं नाव लपवलं. ते आई, आत्या आणि कळता झाल्यावर खुद्द कडुबा, एवढ्यांतच राहिलं. लग्नात आत्यानं ते नवरीच्या कानात सांगितलं, कारण नवऱ्याचं खरं नाव बायकोला कळायलाच हवं. तुमचे वडील थोरले भाऊ असले तरी कडुबाच्या बारशाच्या वेळी दहा वर्षांचं पोर, त्यांना कोण सांगणार? मी लक्ष्मीबाईला म्हटलं, आजी, ऐंशी वर्षं तुम्ही हे सांगितलं का नाही? ती म्हणाली, ‘‘मला कुनी इचारलंच नाय.’’

आमची आजी भर मांडवात दुसऱ्याचं नाव घेत नव्हती. आपल्या नवऱ्याचंच घेत होती, आणि नाव लपवायचं म्हणून जाणणाऱ्यांपैकी कुणी खुलासा केला नाही. तुमच्या वाक्याखाली मी लाल रेघ ओढली आहे.

रत्नमाला

-----

बजाजनगर,
२ फेब्रुवारी २०२५

तात्याकाका,

पोच मिळाली. सही तुमचीच आहे, ‘त’ची शेपटी ओळखली.

मी आजवर कडुबाला शोधत होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोनदा जाऊन आले, महायुद्धात गेलेल्यांची यादी मोबाइलवर चाळली. पिशोरचा कडुबा कुठेच नव्हता. कसा असेल? पलटणीत त्या नावाचा माणूस गेलाच नव्हता.

गल्लीत सुभेदार रामकिसन म्हणून निवृत्त गृहस्थ राहतात. फौजेची कागदं त्यांना आपल्याला पंचांग कळावं तशी कळतात. त्यांना हकिगत सांगितली तर ते म्हणाले, ‘‘बाई, भरतीला कुनी लाडाचं नाव सांगत नसतंय. लग्नातलं नाव टाका.’’ टाकलं. मोतीराम नावाचे बरेच निघाले. रामकिसन चष्मा पुसून एकेकाचं गाव वाचत होते. एका नावावर त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि स्वतः उठून उभे राहिले.

मोतीराम वाकळे, आडनाव आपलंच. सामान वाहणाऱ्या खेचरांच्या कंपनीतला शिपाई. मृत्यू ४ मार्च १९४५, बर्मा. आणि पुढे इंग्रजीत, जसं आहे तसं: भामाचा पती, पिशोर, औरंगाबाद.

तात्याकाका, भामाचा पती! सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी आमच्या आजीचं नाव ऐंशी वर्षं जपून ठेवलंय. रंगूनजवळ एका स्मारकावर आजोबांचं नाव दगडात कोरलेलं आहे. मी रस्त्यात उभी राहून रडले आणि हसले. शेजारणीला वाटलं नात पास झाली.

दादा आता माझ्याकडेच असतात; त्यांना सांगायला गेले तेव्हा ते पडवीत शेंगा फोडत बसले होते. मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, मग तिसऱ्यांदा. मग म्हणाले, ‘‘मायचं नाव हाये नं त्यात?’’ आहे म्हटलं. ‘‘मंग झालं.’’ आणि पुन्हा शेंगा फोडायला लागले, फक्त आता टरफलं परातीत आणि दाणे खाली टाकत होते.

आता सांगा, पित्तर कुणाच्या चुलीवर पडायचं?

रत्नमाला

-----

बजाजनगर,
३० एप्रिल २०२५, आखाजी (अक्षय्य तृतीया)

तात्याकाका,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. चार ओळी, पण वर्मावर बसल्या. तुम्ही लिहिता: ‘नाव जुळलं म्हणून बाप जुळत नाही. कडुबा चुलता माझ्या वडिलांशी भांडून त्रेचाळीस साली गेला. पिशोरात परत पाय ठेवला नाही, हे गाव सांगेल. सोमनाथ पंचेचाळीसच्या आखाजीचा, हे तुझी आजीच सांगायची. तू गणिताची बाई आहेस. कर हिशोब.’

केला. तुम्ही सांगायच्या कितीतरी आधी केला होता.

खोटं कशाला बोलू? मी कॉलेजात असतानाच बोटं मोजली होती. त्याहीआधी, नऊ वर्षांची असेन, मी आजीला विचारलं होतं, ‘‘आजी, मोतीराम कोण गं?’’ ती चुलीपुढे होती. म्हणाली, ‘‘दिवाबत्तीच्या टायमाला नाव घ्यायला लावू नको.’’ आणि भाकरी उलटली. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, ते फक्त उखाण्यात निघतं, एवढंच तिच्या मनात होतं. मी मात्र ती विषय टाळते आहे असं धरून चालले आणि चाळीस वर्षं तसंच धरून बसले. तुम्ही दोन हजार तेरात जे बोललात ते मी मनातल्या मनात आधीच बोलून झाले होते. तुमच्यावर एवढी चिडले ती त्यामुळेसुद्धा असेल.

आज दादांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. शाळेत गुरुजींनी सगळ्या वर्गाची जन्मतारीख १ जून लावून टाकली होती, पण आजी त्यांना आखाजीलाच ओवाळायची. मीही ओवाळलं. पुरणाची पोळी खाताना ते म्हणाले, ‘‘रत्ना, तात्याचं कार्ड आलंय व्हय?’’ मी नाही म्हटलं. त्यांनी मला ते गादीखालून काढून दाखवलं. पोस्टमननं त्यांच्याच हातात दिलं होतं आणि त्यांनी ते वाचून पुन्हा माझ्या टेबलावर ठेवलं होतं, मला दिसावं म्हणून. मग मी वाचून लपवलं तेव्हा शोधून पुन्हा घेतलं. आमच्या घरात सगळेच हुशार.

ते म्हणाले, ‘‘त्यो खरं बोलत असंल तर तेबी कळू दे. ऐंशीचा झालो. आता बाप कोन ते कळूनच जातो.’’

रामकिसन सुभेदारांनी फौजेच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज लिहून दिला आहे. शिपायाची सगळी नोकरी एका कागदावर असते म्हणतात: भरती, बदली, आजारपण, रजा, शेवट. अर्जावर दादांचा अंगठा नाही, सही आहे. वारसाचं नातं या रकान्यात त्यांनी ‘मुलगा’ लिहिलं आणि पेन खाली ठेवताना माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघत होते.

हे पत्र तुम्हाला का लिहिते आहे कळत नाही. जिंकले की लिहायचं असं ठरवलं होतं.

रत्नमाला

-----

बजाजनगर,
२३ ऑगस्ट २०२५

तात्याकाका, बसून वाचा!

कागद आला. काल, पोळ्याच्या दिवशी. लखोटा फोडायला माझा हात धजेना म्हणून रामकिसन सुभेदारांना बोलावलं. दादा टोपी घालून खुर्चीत ताठ बसले होते, निकाल ऐकायला बसावं तसे.

सुभेदार वाचत होते आणि मी मराठीत सांगत होते. भरती जून १९४३, चाळीसगाव. म्हणजे भावाशी भांडून कडुबा आजोबा घाट उतरून खाली इंग्रजांच्या मुलखात गेले आणि तिथंच भरती झाले. खेचरं हाकायचं शिक्षण. एकदा हिवताप. मग आसामकडे रवानगी.

मग सुभेदार थांबले. बोटानं ओळ धरली, तीच ओळ पुन्हा वाचली आणि दादांकडे बघून मोठ्यानं म्हणाले, ‘‘रजा! अठ्ठावीस दिवस! सात ऑगस्ट ते तीन सप्टेंबर, एकोणीसशे चव्वेचाळीस! रेल्वेचा पास चाळीसगावपर्यंत!’’

चाळीसगाव, तात्याकाका! औरंगाबाद नाही, कन्नड नाही, पिशोर नाही. घाटाखाली. आजीच्या माहेरी. आजी त्या वर्षी पंचमीला माहेरी गेली ती गौरी उठल्यावर परतली, हे ती नेहमी सांगायची आणि आपल्या घरात त्यावरच बोट ठेवलं जायचं. ती तिथं का राहिली ते आता कळलं. नवरा रजेवर आला होता. तुम्ही म्हणता तेही खरंच आहे, त्यांनी पिशोरात पाय ठेवला नाही. भावाच्या दारात जायचं नाही म्हणून सासरवाडीला उतरले. माहेरचे लोक सांगत होते की जावई येऊन गेले, पण माहेरच्या माणसांची साक्ष आपल्याकडे कोण धरतं?

आता हिशोब करा. चव्वेचाळीसचा पोळा अठरा ऑगस्टला होता, जुन्या पंचांगात बघून घेतलं. पंचेचाळीसची आखाजी चौदा मे. मधले महिने मोजा. सावकाश मोजा, बोटांवर मोजा, एखाद्या मुनीमाला मोजायला सांगा. मी सात वेळा मोजले आणि सातही वेळा माझे वडील कडुबाचेच निघाले.

दादा काय म्हणाले सांगू? म्हणाले, ‘‘म्हंजी त्यो पोळ्याला घरी व्हता. मायच्या संगं व्हता.’’ आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. आखाजीला मी अर्जाकडे बघायचं टाळलं होतं ते त्यांच्या लक्षात राहिलं असणार.

कागदाच्या शेवटी एक शेरा आहे. तो तुम्हाला कळवायचा की नाही याचा मी दिवसभर विचार केला. मृत्यूची खबर मे महिन्यात पिशोरला पाठवली होती, ‘मोतीराम वाकळे यांच्या कुटुंबास’. पत्र परत गेलं. शेरा: या गावात या नावाचा इसम नाही.

लपवलेलं नाव मरणाला बरोबर सापडलं. फक्त मरणाच्या पत्राला सापडलं नाही. आजी चोपन्न वर्षं वाट बघत राहिली. पोस्टमनला ते तुमच्या वडिलांनीच सांगितलं असेल, तरी त्यांची चूक मी धरत नाही. कुणीही तेच सांगितलं असतं.

पण तुमची धरते. तुम्ही पिशोरला येऊन त्याच भावकीसमोर माफी मागा. नाहीतर मी हा कागद फ्रेम करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावल्याशिवाय राहणार नाही.

रत्नमाला सोमनाथ कडुबा वाकळे
(सासरचं आडनाव या पत्रापुरतं बाजूला ठेवलंय.)

-----

बजाजनगर,
२ सप्टेंबर २०२५

ती. तात्याकाका यांस,

मागच्या पत्राचा शेवट दादांनी वाचला. मला एवढे रागावले, की तसं मी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. म्हणाले, ‘‘तुला तात्याला खाली बघाया लावायचंय. मला माझ्या बापाला जेवू घालायचंय. ही दोन कामं येगळी हायेत.’’

तेव्हा हे पत्र त्यांचं आहे, अक्षर फक्त माझं.

४ मार्च १९४५ ला पंचांगात षष्ठी आहे. म्हणजे पितृपक्षातल्या षष्ठीला, बारा सप्टेंबरच्या शुक्रवारी, दादा पिशोरला कडुबा मोतीराम यांचं पहिलं पित्तर घालणार आहेत. दोन्ही नावं घेऊन.

पित्तर म्हणून पाटावर कुणीतरी जिवंत माणूस बसवावा लागतो. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, त्याच्या रूपानं गेलेला माणूस जेवून जातो. मी दादांना चार नावं सुचवली. सुभेदार रामकिसन तर आनंदानं बसले असते. दादा म्हणाले, ‘‘तात्या बसंल.’’

मी भांडले. लिहून ठेवते, की मी भांडले. म्हटलं, ज्या माणसानं तुम्हाला पानावरून उठवलं त्याचेच पाय धुणार? ते म्हणाले, ‘‘बापाच्या रक्ताचं, माझ्या पिढीचं, माझ्याबिगर दुसरं कोन उरलंय? तात्याचं नाक बघितलंय का? माय म्हनायची, थोरल्याच्या पोरावर कडुबाचं नाक उतरलंय. मी काय बापाला बघितला नाय. तात्याला बघीन.’’

तुमच्याकडे यावर उत्तर असेल तर कळवा. नसेल तर बाराला अकरापर्यंत या. रिकाम्या पोटी या. माफीबद्दल दादांची अट काही नाही. माझी होती, ती मी मागे घेते, पण खुशीनं घेते असं समजू नका.

रत्नमाला

-----

पिशोर,
१३ सप्टेंबर २०२५

ती. तात्याकाकांना रत्नमालेचा सा. न.

काल तुम्ही साडेदहाच्या गाडीनं एकटे आलात, कुणाशी न बोलता ओट्यावर बसलात आणि जेवण झाल्यावर लगेच निघालात. पूर्ण वेळ मान खाली होती. म्हणून जे तुम्हाला दिसलं नाही ते लिहून पाठवते आहे. शिक्षिकेची खोड आहे, घडलेलं वहीत उतरल्याशिवाय मला खरं वाटत नाही.

दादा तांब्या घेऊन तुमचे पाय धुवायला वाकले तेव्हा तुम्ही पाय मागे ओढलेत. ‘‘सोमनाथदादा, तुम्ही थोरले,’’ म्हणालात. दादा म्हणाले, ‘‘आज न्हाई. आज तू थोरला.’’ तुम्ही डोळे मिटलेत. भावकीतल्या सगळ्या बायका दारात गोळा झाल्या होत्या आणि लक्ष्मीबाईला राजकुमारनं खुर्चीसकट उचलून पुढे आणलं होतं. तिनं तुमचं नाक बघून मान डोलावली.

मग तुम्ही जे मोठ्यानं बोललात ते मी अक्षरशः लिहून ठेवलंय: ‘‘आमावस्येला आमच्या घरात कडुबा चुलत्याचं पान वाढायचं नाय. त्येला पोरगा हाये. त्यो वाढील.’’ हे तुम्ही पाटाकडे बघत बोललात. पण ऐकणाऱ्यांत दोन हजार तेराच्या अमावस्येला हजर असलेले अकरा जण होते. मी मोजले.

ताट आलं. कढी, वडे, भोपळ्याची भाजी, अळूच्या वड्या, खीर. दादांनी निखाऱ्यावर तूप सोडलं, कावळ्याचा घास माडीवर ठेवून आले आणि तुमच्यापुढे हात जोडून बसले. आता काय म्हणायचं असतं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ऐंशी वर्षांचा माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खुणेनं सांगितलं, म्हणा काहीतरी.

ते म्हणाले, ‘‘बा, जेव.’’

हा शब्द त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्यांनीही पहिल्यांदाच उच्चारला असणार. कुणाला म्हणणार होते?

तुम्ही घास घेतला नाहीत. हात ताटाजवळ थांबला. मला वाटलं उठता की काय, आणि उठला असतात तर मी तुम्हाला जन्मात सोडलं नसतं. पण तुम्ही मान खाली ठेवूनच, तुमच्या नेहमीच्या नव्हे तर कुठल्यातरी जुन्या, खालच्या आवाजात म्हणालात, ‘‘वाढ रे पोरा. भूक लागली.’’

तुम्हाला दिसलं नाही, काका. दादांचा चेहरा सात वर्षांच्या पोरासारखा झाला. ते खिरीचं भांडं घेऊन धावत आले, ऐंशीव्या वर्षी धावत, आणि तुमच्या वाटीत वाढायला लागले. वाटी भरली, खीर ताटात उतरली, कढीत मिसळली. मी ‘‘दादा, बास,’’ म्हटलं. तुम्ही हात आडवा धरला नाहीत. ते वाढत राहिले.

रत्नमाला